नावं ठेवणारी खोली

मी एक जुनी, वेताने विणलेली, दोन हातांची खुर्ची आहे. मित्रांनो, माणसे माझ्यावर बसून जे जे बोलली, ते मी आजवर निमूटपणे गिळले. आज त्यातले थोडे ओकणार आहे. गोडगोड ऐकायला आला असाल तर तुम्ही चुकीच्या खुर्चीपाशी आलात.

मला एका सुताराने घडवले. माणूस कमी बोलायचा. माझा मागचा पाय डुगडुगत होता, तो त्याने पुन्हा पुन्हा तासला. मग त्याने आपल्या धिप्पाड बायकोला हाक मारली. "बस गं हिच्यावर. तुला झेपली तर कोणालाही झेपेल." ती बसली, त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मी पास झाले.

माझी चांगली वर्षे एका शिंपीणबाईच्या दुकानात गेली. गिऱ्हाइके माझ्यावर बसायची आणि "किती आरामशीर खुर्ची आहे हो!" म्हणायची. बाईची एक खोड होती. ती दर खेपेला माप नव्याने घ्यायची. एकदा एक गिऱ्हाईक वैतागले. "मागच्या महिन्यातच घेतलंत की माप!"

"ते मागच्या महिन्यातल्या बाईचं होतं," शिंपीणबाई टेप ताणत म्हणाली.

पुढे तिची नजर अधू झाली, दुकान बंद पडले आणि मला एका समुपदेशकाने नेले. सगळे त्याला सर म्हणत. मीही तेच म्हणते. मनात काय म्हणते ते मुलांसमोर सांगण्यासारखे नाही.

चष्म्याच्या दुकानाच्या वर त्याची खोली होती. पाण्याचा जार, कागदी रुमालांचा डबा, आणि भिंतभर एक तक्ता. तक्त्यावर बायबलमधल्या माणसांची चित्रे. सराने अर्धे धर्मशास्त्र वाचले होते आणि अर्धे मानसशास्त्र. दोन अर्धे मिळून एक पूर्ण होते अशी त्याची समजूत होती. तो म्हणायचा, "हे आदिबंध आहेत. माणसाच्या मनातले फार जुने साचे. प्रत्येक जण यातला कोणीतरी असतोच. तुम्ही कोण, ते मी सांगतो."

आणि सांगायचा की! कपातला चहा निवायच्या आत सांगायचा. अपघाताच्या वेळी घाबरून "मी तिथे नव्हतोच" म्हणालेला ड्रायव्हर आला, तो झाला येशूला नाकारणारा पेत्र. या गोळ्या कशाच्या, असे डॉक्टरला विचारणारा म्हातारा झाला संशयी थोमा. सासरचा मार चुकवून माहेरी आलेली एक मुलगी आली. ती म्हणे देवाने सांगितलेल्या जागेपासून पळणारा योना. अरे शहाण्या, योनाला गिळणारा मासा तिच्या सासरीच होता! पण हे त्याला सांगणार कोण? ती बिचारी मान हलवून निघून गेली.

मग त्या दोघी बहिणी आल्या. थोरली इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. साबणाने तिच्या बोटांची सालपटे निघालेली. धाकटी चर्चमध्ये मुलांना गाणी शिकवायची. आई नव्हती. वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. थोरली माझ्यावर बसली, म्हणजे बसली कसली, टेकली. उठायच्या तयारीने टेकलेले माणूस मला लगेच कळते.

"ताई सारखी कावलेली असते, सर," धाकटी म्हणाली. "मी बाबांजवळ बसले की हिची भांडी आपटणं सुरू. परवा तर ताटच फेकलं."

"बसल्याने पाठ कोरडी होत नाही," थोरली म्हणाली. "त्यांना सारखं कुशीवर वळवावं लागतं. पावडर, चादर, तेल. ही हात धरून गाणं म्हणते. मी कामावरून येऊन पुन्हा कामाला लागते."

सराचा चेहरा असा उजळला, जणू लग्न ठरले. "वा! दोन बहिणी, एक घर! मार्था आणि मरीया!" त्याने छडीने चित्र दाखवले. येशू पाहुणा म्हणून आला तेव्हा मार्था राबत राहिली आणि मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकत राहिली. मार्थेने गाऱ्हाणे केले, तर तिलाच ऐकावे लागले की मरीयेने निवडले ते अधिक चांगले. एवढे सांगून तो थोरलीकडे वळला. "तुमच्यातली मार्था फार शिरजोर झाली आहे. तिला गप्प बसवा. काही दिवस नुसत्या बाबांजवळ बसा."

"आणि चादरी?"

"पाहा! पुन्हा मार्थाच बोलली!" असे म्हणून तो हसला. हसला मेला.

तुम्ही म्हणाल, थोरली एवढी कामाची बाई, तिने हे ऐकले कसे? मित्रांनो, शहाण्या माणसाला फसवायला फार काही लागत नाही. तो दमलेला असला की पुरते. आपली चूक चित्रात दाखवली, ती सोडली की घरात शांतता येईल, एवढे ऐकून तिचे खांदे खाली आले. माझ्या पाठीला तिची पाठ तेव्हा पहिल्यांदा लागली.

पुढच्या महिन्यात दोघी परत आल्या. थोरलीचे डोळे सुजलेले.

"बाबांच्या पाठीला जखम झाली," ती म्हणाली. "पार आत गेली. ताप चढला. इस्पितळात ठेवलंय. मी त्यांच्याजवळ बसायचे आणि मनातून वाटायचं, आता वळवायला हवं. मग स्वतःलाच दटावायचे, बस खाली, ही मार्था आहे." तिने माझे हात एवढे घट्ट धरले, की वेत करकरला.

आता तरी याला लाज वाटेल, असे मला वाटले. मी लाकडाची, म्हणूनच असली आशा केली. सराने रुमालांचा डबा पुढे सरकवला आणि मऊ आवाजात म्हणाला, "हे पश्चात्तापाचे अश्रू. आज तुमच्यातला, नाकारून मग रडलेला पेत्र जागा झाला आहे."

"पुरे, सर!" धाकटी उभी राहिली. रागाने तिचा गाणारा गळा चिरकला. "इस्पितळात मी बाबांना बायबलमधलं शुभवर्तमान, येशूची गोष्ट, वाचून दाखवत होते. त्या दोघींचा भाऊ लाजर मरतो, तो भाग. मरीया घरात बसून राहिली. उठून रस्त्यावर येशूला सामोरी गेली ती मार्था. तिने त्याला तोंडावर विचारलं, तू वेळेवर का नाही आलास? आणि तुझ्यावर विश्वास आहे, हेही तिनेच सांगितलं. बाबांना बोलता येत नाही. त्यांनी बोट उचललं आणि ताईकडे केलं."

"हो हो, पण तो संदर्भ वेगळा," सर गडबडला. "तक्त्यात आपण मार्थेचा मुख्य गुणधर्म..."

धाकटीने त्याच्याकडे पाठ फिरवली. "ताई, नर्सने जखम उघडली तेव्हा मी बाहेर पळाले. बाबांना कुशीवर कसं घ्यायचं, तेच मला येत नाही. तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. मला शिकव."

थोरलीने तिचा हात ओढून बोटे पाहिली. मग म्हणाली, "आधी नखं काप."

"पाहा, मार्था आणि मरीयेचा समेट!" सराने टाळी वाजवली.

थोरली उठली. "सर, माझ्या आईने मला एकदाच नाव ठेवलं. तुम्ही बसल्या बसल्या नावं ठेवता." दोघी जिना उतरून गेल्या.

त्यानंतर सर येऊन माझ्यावर बसला. पहिल्यांदाच. तक्त्याकडे टक लावून बसला. मला त्याची दया आली असेल असे वाटते तुम्हाला? छे. मी फक्त वाट पाहिली. आणि त्याने केले काय? पुढच्या आठवड्यात एक नवे चित्र चिकटवले: रस्त्यावरची मार्था. मग येणाऱ्या प्रत्येक थकल्या बाईला तो सांगू लागला, "तुमच्यात हीसुद्धा दडली आहे बरं!"

विसरलेली छत्री न्यायला धाकटी एकदा आली. तिच्या बोटांचीही सालपटे निघू लागली होती. काही कामाने वर आलेल्या चष्मेवाल्याने वडिलांचे विचारले, तर म्हणाली, "जखम भरत आली. पण ताई अजून ओरडते. मी चादरीला सुरकुत्या ठेवते म्हणे!" आणि खुशीत हसली.

पुढे माझा वेत फाटला. सराने गोल फिरणारी खुर्ची घेतली आणि मला जिन्यातल्या वळणावर टाकले. सामान घेऊन चढणारे कोणी कोणी दम खायला टेकतात. मला झाडणारे, पुसणारे कोणी नाही. नसू दे.

मित्रांनो, काळजी घ्यायचीच असेल तर माझी नका घेऊ. पण तुमच्यासमोर बसून कोणी घरचे दुखणे सांगू लागले, तर तो कोण आहे हे त्याला सांगायची घाई करू नका. "आत्ता घरी कोण आहे?" एवढेच विचारा. उत्तर "कोणीच नाही" असे आले, तर आणखी प्रश्न विचारायचे नसतात. पायांत चपला घालून त्याच्याबरोबर निघायचे असते.