शेवटाला हात लावायचा नाही

रुग्णालयाच्या तळघरात, धुलाईच्या यंत्रांना लागून एक लांबट खोली होती. फाटलेल्या चादरी, उसवलेले गाऊन, वॉर्डांचे पडदे, सगळं दुरुस्तीला तिथं यायचं. त्या खोलीत दोन बायका सव्वीस वर्षं समोरासमोर बसून शिवत होत्या. एक अंगानं आडवी, हसली की टेबल हलायचं. कापड बेतायचं काम तिचं, म्हणून तिचं नाव पडलं कात्री. दुसरी काटकुळी, ताठ, आणि बोलली की टोचणारी. तिला सगळे सुई म्हणत. तिच्या पाठीमागे म्हणत आणि तोंडावरही म्हणत, कारण तिला त्याचं काही वाटत नसे.

सुईनं आपली कादंबरी याच खोलीत लिहिली, जेवणाच्या सुट्टीत. डबा दहा मिनिटांत उरकायचा आणि उरलेली पस्तीस मिनिटं लिहायचं. कागद म्हणजे छपाई चुकली म्हणून रद्दीत निघालेले तापाचे तक्ते. एका बाजूला रेघारेघांचे चौकोन, दुसऱ्या कोऱ्या बाजूवर तिचं बारीक, एकसारखं अक्षर.

"कुणाला एवढी पत्रं लिहितेस गं?" कात्रीनं एक दिवस न राहवून विचारलं.

"पत्रं नाहीत. गोष्ट आहे. एका बाईची. तिची आई अंथरुणाला खिळलेली. ही अकरा वर्षं तिचं सगळं करते. भाऊ महिन्यातून एकदा येतो, खुर्चीत बसून आईचा हात हातात घेतो आणि जातो. आई गेल्यावर लोक भावाला म्हणतात, काय सेवा केलीत हो आईची!"

कात्रीनं हातातलं काम खाली ठेवलं. "गोष्ट म्हणे! हे तर तुझ्या घरचं."

"घरचं होतं ते पहिल्या पन्नास पानांत संपलं. पुढचं मी रचलंय."

रचणं सोपं नव्हतं. पहिलं प्रकरण तिनं अकरा वेळा फाडलं. उसवून पुन्हा शिवणं तिला नवं नव्हतं, पण कापडाचं बरं असतं, कुठं चुकलं ते बोटाला कळतं. कागदावर ते कळायला दुसरं माणूस लागतं. मग ती कात्रीला वाचून दाखवू लागली. कात्री आयुष्यात पंचांगापलीकडे काही वाचत नसे, पण कान तिखट. "तुझ्या गोष्टीतली सगळी माणसं तुझ्यासारखीच बोलतात," ती म्हणाली. "तो डॉक्टरसुद्धा. त्यालाही तूच चावलेली दिसतेस." सुईला राग आला. दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरची सगळी वाक्यं खोडली आणि वरच्या मजल्यावर पडदे लावायला गेली की डॉक्टर मंडळी खरोखर कशी बोलतात ते कान देऊन ऐकू लागली.

शेवटच्या प्रकरणानं तिचे आठ महिने खाल्ले. अनेक वर्षांनंतर भाऊ समेट करायला बहिणीच्या दाराशी येतो, तिथं येऊन गाडी अडली होती. एका खर्ड्यात बहीण त्याला माफ करते, दुसऱ्यात शिव्या घालते, तिसऱ्यात रडते. प्रत्येक वेळी सुईला वाटायचं, ही आपली बाई नव्हे. मग एका दुपारी ते सुचलं. बाई शिवत बसलेली आहे. दार वाजतं. आवाज ती ओळखते. हातातली शिवण ती शेवटपर्यंत नेते, दोरा तोडते, दुसरं कापड घेते. उठत नाही. भाऊ थोडा वेळ थांबतो आणि जिना उतरतो. बस्स.

कात्रीनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "याला आता हात लावू नकोस."

सहा वर्षं लिहिण्यात गेली आणि पुढची तीन वर्षं प्रकाशकांचे उंबरे झिजवण्यात. पहिल्यानं तीन ओळींत नकार कळवला. दुसऱ्यानं चौदा महिने हस्तलिखित ठेवून घेतलं आणि मग म्हणाला, असं काही आमच्याकडे आलेलंच नाही. सुईच्या हातात त्यांच्याच शिक्क्याची पोच होती. ती तिनं टेबलावर आपटली, तेव्हा कुठं कपाटामागून गठ्ठा निघाला. दोरीची गाठसुद्धा सुटली नव्हती. तिसऱ्यानं मात्र वाचलं. त्यानं लिहिलं, "भाषा चांगली आहे, परंतु शिवणकाम करणाऱ्या स्त्रीच्या तोंडी एवढा विचार शोभत नाही."

"मग विचार काय टाय लावून करायचा असतो?" कात्री कडाडली. त्या दिवशी दोघींनी रागाच्या भरात चाळीस चादरी संपवल्या.

शेवटी दादा मधे पडला. दादा म्हणजे सुईचा थोरला भाऊ, निवृत्त प्राचार्य. सभा-समारंभांत त्याची खुर्ची ठरलेली, आणि कुठल्याही विषयावरचं भाषण तो एकाच वाक्यानं संपवायचा, "म्हणतात ना, काठी मारल्यानं पाणी दुभंगत नाही." आईच्या शोकसभेतही हेच म्हणून त्यानं डोळे पुसले होते, आणि आईचं अकरा वर्षं हगणं-मुतणं काढणारी सुई मागच्या रांगेत बसून ते ऐकत होती.

"दे माझ्याकडे," तो म्हणाला. "मोठ्या प्रकाशनाचे संपादक माझ्या शब्दाबाहेर नाहीत."

सुईला ते आवडलं नव्हतं. पण चौथा उंबरा झिजवायची ताकद उरली नव्हती. तिनं टंकलिखित प्रत त्याच्या हाती दिली. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. "वाचलं. छान आहे. शेवट जरा कोरडा वाटतो."

"कोरडाच आहे," सुई म्हणाली.

पाच आठवड्यांत कादंबरी स्वीकारल्याचं पत्र आलं. कात्रीनं वरच्या तिन्ही मजल्यांवर बातमी पोचवली. चार महिन्यांनी छापण्याआधी तपासायची मुद्रितं आली तेव्हा सुई ती दुरुस्तीच्या खोलीतच घेऊन बसली. आपली ओळ छापलेली कशी दिसते हे तिनं पहिल्यांदा पाहिलं. सुरुवातीची पानं तर तिनं वाचली नाहीत, नुसती पाहिली. काना-मात्रा दुरुस्त करत करत ती तिसऱ्या दिवशी शेवटच्या प्रकरणाला आली.

दार वाजतं. आवाज ती ओळखते. आणि मग छापलं होतं: *तिच्या हातून शिवण गळून पडली. तद्वतच तिच्या मनातला सारा सलही गळून पडला. तिनं धावत जाऊन दार उघडलं आणि भावाच्या खांद्यावर मान टाकून ती म्हणाली, "काठी मारल्यानं पाणी दुभंगत नाही!"*

सुईनं ते तीनदा वाचलं. 'तद्वतच' हा शब्द तिनं जन्मात वापरला नव्हता, आणि ते पाणी कुणाच्या विहिरीचं होतं हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

"मी अर्ध्या दिवसाची रजा टाकतेय," ती उठत म्हणाली.

"मी येऊ?" कात्रीनं विचारलं.

"नको. तू आलीस तर टेबलं मोडतील."

प्रकाशनाच्या कचेरीत संपादक गठ्ठ्यांच्या आड बसले होते. थकलेले, चष्मा कपाळावर. सुईनं ते पान त्यांच्यापुढं ठेवलं. "हे कुणी लिहिलं?"

"तुम्हीच ना?" ते गोंधळले. "सुधारित शेवट तुमच्याकडूनच आला. सोबत पत्र होतं." त्यांनी फाईल उघडली. खरंच पत्र होतं. *सोबतचा शेवट छापावा, यास माझी संमती आहे.* खाली सुईचं नाव, वळणदार अक्षरात सही केलेलं.

"माझी सही अशी नाही."

"प्राचार्यांनी स्वतः आणून दिलं हो. बहिणीच्या तब्येतीमुळे मीच येतो, म्हणाले. मला शंका यायचं कारणच नव्हतं."

"कारण नव्हतं? तीनशे नव्वद पानं एक बाई कुठं रडत नाही, आणि शेवटच्या पानावर एकदम गळ्यात पडते, तेव्हा तुम्हाला शंका आली नाही? तुम्ही संपादक ना?"

संपादकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि ते पान पुन्हा वाचलं. "आली होती," ते हळूच म्हणाले. "खरं सांगतो. मला वाटलं, लेखिका शेवटी घाबरली."

हे ऐकून सुईचा राग दुप्पट झाला. म्हणजे जगानं तिला भित्री ठरवलं असतं, तेही दुसऱ्याच्या वाक्यांवरून. तिनं ते पत्र मागून घेतलं आणि थेट दादाचं घर गाठलं.

दादा बैठकीत वर्तमानपत्र वाचत होता. वहिनी कपाट आवरत होती. सुईनं पत्र त्याच्यापुढं धरलं. तो दचकला नाही. त्यानं वर्तमानपत्राची नीट घडी घातली.

"अगं, तुझ्या भल्यासाठीच केलं. लोक काय म्हणतील? भाऊ दाराशी आला आणि ही उठली नाही? वाचणारा प्रत्येक जण मला ओळखेल."

"ओळखतीलच. तू तसा वागलास म्हणून ओळखतील."

"मी शब्द टाकला नसता तर तुझं पुस्तक धूळ खात पडलं असतं! एवढं केलं, त्याचं हे फळ?"

"आईचंही तूच केलंस, आणि आता पुस्तकही तूच केलंस! दादा, करतं कोण आणि नाव कुणाचं, हे एकदा तरी खरं बोल ना! सही कुणाची ही? चोरून सही ठोकायला लाज नाही वाटली?"

"सही मी केली, वन्सं," मागून वहिनी म्हणाली.

वहिनीच्या हातात घडी केलेला टॉवेल तसाच होता. "हे म्हणाले, इथं तिचं नाव लिही, तिला माहितीय. मी लिहिलं. चाळीस वर्षं हे म्हणतील तिथं लिहिलंय. वाचलं नाही कधी." तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "तेव्हा वाचलं असतं तर केली नसती."

"तू आत जा," दादा म्हणाला.

वहिनी आत गेली नाही. तिनं टॉवेल खुर्चीवर टाकला आणि सुईच्या शेजारी येऊन उभी राहिली. सुईला तिचाही राग आला होता, आणि तो काही तिथल्या तिथं विरघळला नाही. "तुम्हाला विचारायला हवं होतं, वहिनी," ती म्हणाली.

"हवं होतं," वहिनी म्हणाली. "संपादकांना मी स्वतः लिहून देते. या वेळी माझं नाव घालून."

ते तिनं लिहून दिलं. संपादकांनी जुना शेवट जसाच्या तसा परत घातला, आणि सुईनं मुद्रित दुसऱ्यांदा मागवून एकेक ओळ बोट ठेवून तपासली. पुस्तक निघालं. रुग्णालयातल्या परिचारिकांनी ते हातोहात वाचलं. एका मोठ्या डॉक्टरनं तर जिन्यात थांबवून विचारलं, "त्यातला डॉक्टर मीच का?" सुई म्हणाली, "तुम्ही तिघं मिळून तो एक झालाय."

दादा प्रकाशनाला आला नाही. पण पुस्तकाचं कौतुक होऊ लागलं तसा त्याचा सूर फिरला. एका सकाळी वर्तमानपत्रात त्याची मुलाखत आली. फोटो मोठा, मथळा त्याहून मोठा: 'बहिणीच्या लेखणीमागचा हात'. आत म्हटलं होतं की कथानक त्यानं सुचवलं, भाषा त्यानं घासून घेतली, आणि "तो कणखर शेवट" आपल्याच आग्रहानं राहिला.

कात्रीनं वर्तमानपत्र टेबलावर पसरलं आणि मथळ्यावर बोट ठेवलं.

सुईनं त्या वर्तमानपत्राच्या संपादकीय विभागाला पत्र लिहिलं. त्यांनी त्यातल्या दोन ओळी छापल्या, त्याही अशा की जणू ती भावाचे आभार मानतेय. तिनं दुसरं पत्र पाठवलं. ते छापलंच नाही. मग ती स्वतः गेली. हातात मूळ तक्ते, पहिल्या प्रकरणाचे अकरा फाटके खर्डे, आणि वहिनीनं लिहून दिलेल्या कागदाची प्रत. बातम्यांच्या टेबलामागच्या माणसानं म्हटलं, "बाई, घरातली भांडणं पेपरात कशाला?"

"घरातली असती तर मी घरातच भांडले असते," सुई म्हणाली. "खोटं तुम्ही छापलंत. खरंही तुम्हीच छापायचं. मी बसलेय."

ती बसली. दुपारी एकदा पाणी प्यायला उठली, पुन्हा बसली. संध्याकाळी दिवे लागायच्या आधी त्यांनी तिचं पत्र पूर्ण जुळवून आणून दाखवलं. सुईनं पेन काढलं, एका ओळीत चुकून 'आमची कादंबरी' पडलं होतं तिथं 'माझी कादंबरी' केलं, आणि मगच ती खुर्चीवरून उठली.