गावठी चालणार नाही

नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या उज्वलाने सुट्टीसाठी कोकणातल्या एका होमस्टेवाल्याला फोन लावला, तेव्हा सगळं कसं सुरळीत चाललं होतं. दोन मुलं? चालतील की. त्यांच्या सायकली? खुशाल आणा, वाळूत फिरवा.

“आणि कुत्रा. तुमच्या जाहिरातीतच लिहिलंय, पाळीव प्राण्यांचं स्वागत.”

“हो, हो. लॅब्रॅडॉर का?”

“नाही, गावठी आहे आमचा टिल्लू. देवळाली कॅम्पच्या बाजारात सापडला होता, एवढासा.”

“गावठी नाही चालणार, मॅडम. आमच्याकडे चांगल्या घरची माणसं येतात.”

उज्वलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टिल्लू काय उकिरड्यावरून उठून येणार होता? दरवर्षी इंजेक्शनं, दर रविवारी अंघोळ, आणि तिच्या दोन्ही मुलांपेक्षा शहाणा! ती तोंड उघडणार, तोच फोनमधून जोरात भुंकणं ऐकू आलं.

“हा कोण?”

“आमचा राजा. गावठीच आहे. रात्रभर गेटवर राखण करतो, म्हणून तर पाहुणे निवांत झोपतात.”

“असं? मग त्यालाच चार दिवस इकडे नाशिकला पाठवा सुट्टीला,” उज्वला म्हणाली. “आमच्याकडे गावठी गादीवर झोपतो.”