आवाजाची हजेरी

रुखमानं आधी कपाटामागं डोकावून पाहिलं, मग खिडकीचा पडदा बाजूला सारला, आणि शेवटी टेबलापलीकडं बसलेल्या मंजुषाला सरळ विचारलं,

"ती बाई कुठी हाय?"

"कोणती बाई?"

"फोनवर बोलते ती. मंजुषाबाई."

"मीच मंजुषा. बसा."

रुखमा बसली नाही. भामरागडपलीकडच्या पाड्यावरची ही म्हातारी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चामोर्शीला लेकीकडं येऊन राहिली होती. एका डोळ्यावर अजून पट्टी होती. तिनं मान कलती केली आणि उघड्या डोळ्यानं मंजुषाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आवाज तोच हाय," ती म्हणाली. "पन ती बाई तू नाई."

आता यावर हसावं की रागवावं? मंजुषा हसली. पण हसू ओठांवर यायच्या आधीच तिच्या हातावर काटा आला होता.

फोनवरची बाई म्हणजे कारखान्याचं नवं यंत्र. आठ महिन्यांपूर्वी ते बसवलं, आणि आज त्याच पराक्रमासाठी मनुष्यबळ विभागाचा सत्कार होता. बाहेर मांडव सजला होता, नागपूरचे पाहुणे चारला येणार होते, आणि फ्लेक्सवर मंजुषाचा हातभर फोटो झळकत होता. यंत्राचं काम साधं होतं. कामगारानं पाळी सुरू होताना फोन लावायचा आणि आपलं नाव सांगायचं. आवाज जुळला की हजेरी लागली. रजा मागायची तीही तिथंच, आणि अडचण सांगायची तीही तिथंच, कामगारानं किंवा त्याच्या घरच्यांनी. अधिकाऱ्यांना तेवढं कार्ड होतं. दारातल्या पेटीला टेकवलं की झालं.

यंत्राला माणसासारखं बोलायला शिकवायचं तर माणसाचं बोलणं हवं. मनुष्यबळ विभागातलं जुनं माणूस मंजुषाच, अकरा वर्षांची. तिच्या टेबलावरचा प्रत्येक फोन पहिल्यापासून ध्वनिमुद्रित होत आला होता. "जुनं काय असेल ते टाका मॅडम, त्याला सगळं पचतं," असं कारखान्याचे मॅनेजर धनराजसाहेब म्हणाले. गडबडीत मंजुषानं हाताला आला तो पहिल्या तीन वर्षांचा गठ्ठा, फोन आणि रजिस्टरांसकट, जसाच्या तसा देऊन टाकला. ना ऐकला, ना चाळला. चूक झाली ती इथं.

कारण त्या तीन वर्षांतली मंजुषा वेगळीच होती. रोवणीला, म्हणजे भातलावणीला, गावी गेलेले कामगार दर पावसाळ्यात पुराच्या पलीकडं अडकायचे. पूल पाण्याखाली, रस्ता बंद, फोन मुके. नियमात अशी रजा कुठंच नव्हती. ही पठ्ठी रजिस्टरात लाल पेनानं लिहायची, 'पाण्यात अडकला, हजर धरावा.' वरून कोणी ओरडलं तर म्हणायची, ओरडू द्या. चौथ्या वर्षी तिला लेखी तंबी मिळाली. त्या दिवसापासून सलग दहा दिवस गैरहजर म्हणजे नाव कट, आणि कापताना तिचा हात पुढं कधी अडखळला नाही. बोलणंही बदललं. नेटकं, छापील, कोणाला चिकटणार नाही असं झालं.

यंत्राला तंबी मिळालीच नव्हती. यंदाच्या पुरात त्यानं तेवीस जणांना परस्पर हजर धरलं होतं. ते धनराजसाहेबांना आज दुपारी दिसलं.

"चारच्या आत सगळी नावं कापा," ते म्हणाले होते. "पाहुण्यांपुढं अब्रू घालवाल माझी. आणि ते काम तुमच्याच आवाजानं होतं, दुसऱ्याचं ऐकत नाही ते."

"माह्या पोराचं, सुनिलचं नाव कापून राह्यले म्हनते," रुखमा म्हणाली. "फाटकावर पोरं बोलत होती. थो तिकडं पुरात अडकला. त्याचं काय चुकलं? ती बाई तर मले म्हनली, पानी उतरू दे, घोर नको करू. रोज बोलते ती माह्यासंग. डोऱ्यात औषध टाकाची आठवन माह्या पोरीले नाई राहत, तिले राहते. तिले बोलव. तुले नाई समजनार."

मंजुषाला ते लागलं, चांगलंच लागलं. तिनं टेबलावरचा फोन ओढला, नंबर लावला आणि आवाज मोठा केला. ऐकू दे म्हातारीला, यंत्र आहे ते.

"नमस्कार. मी मंजुषा भोयर, मनुष्यबळ अधिकारी."

"आवाज जुळत नाई," पलीकडून मंजुषाचाच आवाज आला. पण भरलेला, मोकळा, चूल पेटवता पेटवता बोलावं तसा. "कोन बोलून राह्यलं?"

"मंजुषा भोयर. अधिकारी."

"नाई जुळत जी. तुम्ही कोन?"

रुखमानं मंजुषाकडं पाहिलं. त्या नजरेत 'बघ, सांगत नव्हते' असं काही नव्हतं, आणि तेच जास्त वाईट होतं. धनराजसाहेबांनी दारातून डोकं आत घातलं.

"झालं का मॅडम? गाड्या आल्या फाटकाशी."

"होतंय साहेब."

ते गेले. मंजुषानं पुन्हा नाव सांगितलं, पुन्हा तेच उत्तर आलं. मग मात्र तिचा बांध सुटला.

"अवं मीच हाय नं माय! काऊन छळून राह्यली मले?"

"हां, बाई! किती दिसानं," आवाज म्हणाला. "सांगा."

मंजुषानं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. "गैरहजर लोकांची नावं कापाची हायेत."

"एकेक सांगते. तुम्ही हो म्हना, मी कापते. कोलू. पुराच्या पल्याड बायको बाळंतीन झाली, घरी दुसरं कोनी नाई. कापू?"

एका शब्दाचं काम होतं. छापील भाषेत तो शब्द तिनं शेकडो वेळा उच्चारला होता. या आवाजापुढं तो काही केल्या तोंडातून निघेना.

"नको," ती म्हणाली.

"लालसू. मागल्या पुरात यानं दोघायले वाचवलं. कापू?"

"नको."

आवाज घाई करत नव्हता, विनवतही नव्हता. नाव घ्यायचा, त्या माणसाचं एखादं सांगायचा, आणि विचारायचा. मंजुषा नको म्हणत गेली. सुनिलचं नाव आलं. "याची माय चामोर्शीत हाय, पट्टी सोमवारी सुटते. कापू?" मंजुषाच्या आधी रुखमाच्याच तोंडून "नको वं बाई" निघून गेलं. आवाज थांबून राहिला. त्याला मंजुषाकडूनच ऐकायचं होतं.

"नको," मंजुषा म्हणाली.

मांडवात भोंगा सुरू झाला. यंत्रासोबत पुढं निघालेल्या विभागाचं कौतुक चाललं होतं. आता तंबीवर भागणार नाही, नोकरी जाईल, हे मंजुषाला स्वच्छ दिसत होतं. तेविसावं नाव झालं. तिनं पदरानं चेहरा पुसला आणि फोन ठेवायला हात पुढं केला.

"थांबा बाई, एक राह्यलं."

"तेवीसच होते."

"चोवीस हायेत. मंजुषा भोयर."

मंजुषाचा हात तसाच हवेत राहिला.

"आठ महिने झाले, हिचा आवाज एकदाही आला नाई," आवाज म्हणाला. "कार्ड रोज येते. मानूस येत नाई. कापू?"

बाहेर भोंग्यावर तेच नाव पुकारलं गेलं, मॅडमना व्यासपीठावर येण्याची विनंती झाली, टाळ्या वाजल्या. रुखमा काहीच समजत नसल्यासारखी फोनकडं आणि मंजुषाकडं आळीपाळीनं पाहत होती. मंजुषा फोनवर वाकली.

"नको कापू," ती म्हणाली. "अडकली होती वं ती. येऊन राह्यली."

"बरं," आवाज म्हणाला. "सकारपर्यंत नाव ठेवते. पन हजेरी तिनं सोता द्यावी म्हना."