बरकतच्या नावाचा कप

चिंचवड स्टेशनाबाहेर दत्तोबाच्या हॉटेलात बरकत मुजावर दोन कप चहा मांडून बसला होता. एक त्याचा, तो केव्हाच पिऊन झाला होता. दुसरा मालोजीचा, आणि मालोजीचा पत्ता नव्हता.

साठी उलटलेला माणूस, देहूरोडच्या लष्करी डेपोतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला. पण त्याची नजर सारखी दाराकडे वळत होती. एकोणचाळीस वर्षांत मालोजीला कधी उशीर झाला नव्हता. उलट आधी येऊन दुसऱ्याच्या वाटची भजी फस्त करायची त्याची खोड.

हे सगळं खूळ अर्जुनरावाचं. एकोणीसशे एकोणीस साली बी. ए.ची परीक्षा जवळ आली तेव्हा पुण्याच्या होस्टेलात पाच दोस्तांनी ठरवलं, दरवर्षी मार्चच्या पहिल्या रविवारी चिंचवडला भेटायचं. भेटीआधी पत्र नाही, चौकशी नाही, सबब नाही. "जो आला नाही तो मेला समजायचं," अर्जुनराव म्हणाला, "आणि त्याच्या नावाचा कप ओतून टाकायचा!" विशीतल्या पोरांना मरणाचीसुद्धा थट्टा सुचते. पाचही जण पोट धरून हसले.

मग एका वर्षी हिंदुराव आला नाही. त्याचा कप हसत हसत ओतला आणि तिसऱ्या दिवशी तार आली. पुढे रंगराव. मग खुद्द अर्जुनराव. तिन्ही वेळा कप ओतला, तिन्ही वेळा खरं निघालं. तेव्हापासून बरकतला त्या कपाची भीती बसली ती बसलीच. कॉलेजात शिकलेल्या माणसाला हे शोभत नाही, हे त्यालाही कळत होतं. कळून काय उपयोग?

"मुजावरसाहेब, गार झाला की. टाकून देऊ?" दत्तोबानं विचारलं.

"हात लावू नकोस त्याला!" बरकत इतक्या जोरात ओरडला की शेजारचं गिऱ्हाईक दचकलं. "तसाच राहू दे. मी येतो परत."

नियमाप्रमाणे ओतायला हवा होता. त्याच्यानं होईना. नियम गेला खड्ड्यात म्हणत तो मालोजीच्या गावची, रहाटणीची वाट चालू लागला.

चिंचवडगाव मागे टाकून तो पवनेत उतरला. पाणी घोट्याएवढं होतं. पलीकडच्या काठावर पाचसहा माणसं ओल्या धोतरांनी गप्प उभी होती. बरकत थबकला. कुणाला पोचवून आलात, एवढंच विचारायचं होतं, पण जीभ उचलेना. विचारलं नाही तोवर मालोजी जिवंत होता. तो मान खाली घालून त्यांच्या बाजूनं निघून गेला.

लांब पिंपरीकडे औषधाच्या कारखान्याचा भोंगा झाला. सुट्टीत मालोजीकडे आले की याच माळावर पाचही जण सशांमागं धावायचे. दिवस कसे गेले म्हणून दरवर्षी दोघं हळहळायचे. आज बरकतला फक्त आणखी एक वर्ष हवं होतं.

मालोजीच्या ओट्यावर यशोदावहिनी तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. डोळे लाल. बरकतला बघून त्या किंचाळल्याच.

"वहिनी... मालोजी?"

"आवं, भाईर या! बरकतभावजी आल्यात! जित्ते हाईत!"

मालोजी बंडीवरच बाहेर आला. बरकतचे दोन्ही खांदे धरून त्यानं ते चाचपून पाहिले. बरकतचा जीव भांड्यात पडला आणि पाठोपाठ डोकं तडकलं.

"आला का नाहीस, गाढवा?"

"तुझ्या घराला महिनाभर कुलूप आहे, असं बाजारात कळलं."

"सोलापूरला होतो. लेकीचं बाळंतपण होतं, फरीदाचं."

"मला काय माहीत? विचारायची बंदी! म्हटलं, तिथं जावं आणि तू नसावास... भ्यालो रे मी. चार लोकांत एकट्यानं ओतायचं धाडस होईना. म्हणून इथंच..."

तो अंगणाकडे बघत थांबला. मातीवर तांबूस ओल पसरली होती. शेजारी उपडा कप.

बरकत त्या ओलीपासून एक पाऊल मागं सरला. तिन्ही वेळा खरं निघालं होतं.

"तुझा कप ओतला मी," मालोजी म्हणाला. "आता काय होईल रे?"

बरकत मोठ्यानं हसला. "काय व्हायचंय? मीही ओतला तुझा, दत्तोबाकडे. दोघंही मेलो आणि दोघंही इथं उभे आहोत. अर्जुनरावाचा नियम खोटा पडला."

"खरंच ओतलास?"

"अल्लाची शपथ."

खोटी शपथ त्यानं उभ्या जन्मात घेतली नव्हती. मालोजीचा चेहरा मात्र सैल झाला, आणि तो होस्टेलातल्यासारखा खदखदून हसला. वहिनी डोळे पुसत चहा टाकायला आत गेल्या.

बरकत त्या ओलीकडे पाठ करून ओट्यावर टेकला. परत जाताना स्टेशनावरचा तो गार चहा आपणच पिऊन टाकायचा, एक थेंब सांडू द्यायचा नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं. तोवर दत्तोबानं टेबल आवरलं नसलं म्हणजे मिळवली.