गंगेचा घोट

वर्गातली पोरं मला ‘दीदी’ म्हणतात. बी.एस्सी. होऊन दोन वर्षं शाळेत शिकवलं आणि आता अठरा वर्षांच्या मुलांशेजारी बसून डॉक्टरकी शिकतेय, म्हटल्यावर ‘का’ असं विचारणारच. मी ‘आवड’ म्हणून सांगते. साफ खोटं.

माझे बाबा, नरहरशास्त्री, काशीच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या मराठी घरांचे अंत्यविधी करतात. आमच्याकडे माणूस जायला टेकला की त्याला जमिनीवर उतरवून तोंडात तुळस आणि गंगा घालतात. डॉक्टर बोलावत नाहीत. काशीत सुटणाऱ्याला अडवायचं कशाला? नाकाशी धरलेला कापूस हलला नाही, की बाबा सांगतात, गेले.

मी शाळेत शिकवत होते तेव्हा शेजारच्या गीताकाकू एका सकाळी अशाच ‘गेल्या’. नातेवाईक जमेपर्यंत दुपार झाली. बायकांनी घाटावर येऊ नये म्हणतात, पण बाबांची पिशवी उचलायला दुसरं होतं कोण? मणिकर्णिकेवर, चितेवर ठेवण्याआधी, काकूंचा मुलगा सुमंत ओंजळीने त्यांच्या तोंडात गंगा घालत होता. पाणी ओठांवरून ओघळायला हवं होतं. ओघळलं नाही. काकूंचा गळा वर सरकला, खाली आला.

“आईने गंगा पिली! मुक्ती झाली!” सुमंतने रडत हात जोडले. मग सगळ्यांनीच जोडले.

“थांबा!” मी काकूंच्या मानेवर बोटं दाबली. काहीतरी उडत होतं. त्यांची नाडी, की माझ्याच बोटांतली? मला कळेना. माझी बी.एस्सी. झाडापानांची, वनस्पतिशास्त्रातली!

“मैत्रेयी, तमाशा पुरे!” बाबा ओरडले. मी हलले नाही. शेवटी कुणीतरी गल्लीतल्या डॉक्टरला घेऊन आलं.

त्याने डोळ्यांत बॅटरी मारली, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग काकूंचा हात कोपरात दुमडून पाहिला. तो सहज दुमडला.

“सुबह की बॉडी इतनी नरम नहीं रहती। ये तो अभी-अभी गई हैं।”

सुमंतने अग्नी दिला.

घरी आल्यावर बाबा आंघोळ करून ओलेत्यानेच माझ्यासमोर बसले.

“तुझ्या आईला मी घाटावर गंगा दिली ना, तीसुद्धा ओघळली नव्हती. मी म्हटलं, पुण्यवान बाई. ती गेलेलीच होती ना गं?”

आता दर रविवारी हॉस्टेलवर त्यांचा फोन येतो. जेवलीस का, हे विचारत नाहीत. एवढंच विचारतात, “गेलेल्याच्या गळ्यातून पाणी उतरतं का, ते शिकवलं का गं?”