दोन लॉऱ्यांची सोयरीक

कुहीच्या लोकांना दोन वर्षं उगाच लाडावून ठेवलं, असं गणपतराव आपल्या सुनेला, जयवंताला, नेहमी ऐकवत. लाड कसले, तर तेव्हा कुही-नागपूर रस्त्यावर प्रवाशांच्या दोन लॉऱ्या धावायच्या. हिरवी जयवंताच्या बापाची, रुपरावांची. तांबडी नागपूरच्या गणपतरावांची. एकीनं भाडं उतरवलं की दुसरीनं दुसऱ्या दिवशी त्याहून खाली आणलंच म्हणून समजा. तांबडीवाल्यानं म्हाताऱ्यांना चहा पाजला, तर हिरवीवाल्यानं पोरांच्या हातावर फुटाणे ठेवले. आणि शेताच्या धुऱ्यावरून एखादी बाई गाठोडं सावरत येताना दिसली, की मोहाच्या झाडाखाली लॉरी थांबायची. ड्रायव्हर पोंगा वाजवून ओरडायचा, "हळू ये वं माय, पडशीन! आम्ही कुठी चाललो?" त्यात दयामाया असेल-नसेल, न थांबावं तर मागून येणारी दुसरी लॉरी तिला उचलणार, हे मात्र खरं.

हिरवी लॉरी चंद्रभान चालवायचा. त्याची बायको गोपिका ही जयवंताची लहानपणापासूनची मैत्रीण. दोघी विहिरीवर भांडी घासता घासता पोंग्यावरून गाडी ओळखायच्या.

"हे तांबडी होय. रेडा बोंबलल्यासारखी," गोपिका म्हणायची.

"अन् तुह्या नवऱ्याची? खोकला झालेली म्हातारी!"

गावाची चैन होती, पण मालक दोघंही आतून पोखरले जात होते. टायर घ्यायचा तर घरातलं काही तरी बाहेर जायचं. शेवटी कोणी तरी शहाण्यानं सांगितलं, "भांडता कायले गा? एकाले पोरगी हाय, एकाले पोरगा हाय. सोयरीक करून टाका."

वैशाखात लग्न झालं. तांबडी लॉरी वऱ्हाड घेऊन आली आणि जाताना नवरी घेऊन गेली. मागोमाग हिरवीही नागपुरात इतवारीतल्या गणपतरावांच्या अंगणात आली, ती पाहुणी म्हणून नव्हे. आता चढाओढ उरली नव्हती, म्हणून चाकं काढून तिला लाकडी ठोकळ्यांवर चढवलं. तिच्या टपावर जयवंता पुढं पापड वाळवायची, आणि बाळ झाल्यावर लंगोट.

हळूहळू भाडं चढलं. लॉरी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, बस. मोहाचं झाड नुसतं झाड राहिलं. चंद्रभान दुसऱ्याच्या धानात रोजानं जाऊ लागला. जयवंता माहेरी गेली की बाया हसत म्हणायच्या, "लॉरीच्या भाड्यात तुह्या लग्नाचा आहेर आम्ही अजून भरूनच राहिलो वं!" तीही हसायची. हसण्यावारी नेलेलं पोटात कुठं तरी राहतंच.

लेक पाच महिन्यांची झाली तेव्हा मोटारींचा नवा कायदा आला होता. रस्त्यावर लॉरी चालवायची तर सरकारचं परमिट लागायचं. चंद्रभाननं मेव्हण्यांना गोळा करून एक जुनी लॉरी ठरवली आणि परमिटाचा अर्ज केला. खाली गावकऱ्यांचे अंगठे. आता साहेब कुहीला येऊन लोकांना विचारणार होता, की आहे ती लॉरी पुरते का. पुरत नसेल, तर चंद्रभानला परमिट.

"सूनबाई," गणपतराव आदल्या संध्याकाळी म्हणाले, "उद्या माहेरी चला. नातीले तिच्या आजोबाच्या अंगणात खेळू द्या थोडं."

जयवंताचा जीव हरखला. तिनं लेकीचं टोपडं धुऊन चुलीजवळ वाळत घातलं, काजळाची डबी भरली, बाळंतविडा नव्यानं घडी केला. सासऱ्यांना आपलं मन कळतं, असंच तिला वाटलं. सकाळी अंगणात पाहते तो हिरवीला चाकं लागलेली. दोन्ही लॉऱ्या निघाल्या. मोहाखाली तांबडी थांबली, पोंगाही वाजला. धुऱ्यावरून एक म्हातारा धावत आला आणि चढताना म्हणाला, "आज सूर्य कुठून उगवला गा?"

चावडीपुढं सतरंजी अंथरलेली होती. दोन्ही लॉऱ्या साहेबाला दिसतील अशा बाजूला उभ्या केल्या. गणपतरावांनी जयवंताला बायांच्या अगदी पुढं, साहेबाच्या नजरेत बसवलं. बाया बाळावर तुटून पडल्या. कोणी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, कोणी गालाला तीट लावली. गोपिकानं तर तिला मांडीवरच घेतलं. "नाक तुहं हाय वं. बरं झालं, सासऱ्याचं नाही घेतलं!" ती कानात पुटपुटली, आणि दोघींना हसू आवरेना.

साहेब बरा माणूस होता. त्यानं गावातल्या म्हाताऱ्या चंपतरावांना विचारलं, "आजोबा, अर्जात लिहिलंय की एरवी एकच लॉरी येते. तिच्यानं तुमचं भागतं?"

चंपतरावांनी आदल्या दिवशी पारावर भाड्याच्या नावानं शिव्यांची लाखोली वाहिली होती. ते उठले. साहेबाकडे पाहिलं, मग जयवंताकडे, मग त्या तीट लावलेल्या बाळाकडे. आणि खाली बसत म्हणाले, "तकलीफ काही नाही, साहेब."

दुसरा उठला. तोही तसंच बोलला. तिसराही.

ज्या घरात गावानं लेक दिली, त्या घराला चारचौघांत नाव ठेवायचं नाही, ही कुहीची रीत. शब्द इथं निघतो आणि घाव तिथं लेकीवर पडतो. इतक्या वर्षांत कोणी ती मोडली नव्हती. आणि आज तर लेक पोटच्या पोरीसकट समोर बसलेली. हे माहेरपण कशासाठी होतं, ते जयवंताला तेव्हा कळलं.

साहेब गोंधळला. "मग हे अंगठे कुणाचे?" चंद्रभान खाली मान घालून म्हणाला, "माहा अर्ज हाय, साहेब. बाकी लोकायनं सांगावं." तेव्हा साहेब जयवंताकडे वळला. "बाई, तुम्ही याच गावच्या ना? तुम्हीच सांगा. पुरते एक लॉरी?"

सारं गाव मान वर करून बघू लागलं. त्यांची तोंडं तिच्यासाठी बंद होती. तिचं एकटीचं उघडं होतं. बाळाला थोपटणारा गोपिकाचा हात थांबला.

मागून गणपतराव हळूच खाकरले. जयवंताला इतवारीतलं घर दिसलं, नवऱ्याचं तोंड दिसलं, संध्याकाळची ती चूल दिसली.

"पुरते," ती म्हणाली.

साहेबानं लिहून घेतलं. गोपिकाचा हात पुन्हा हलू लागला. मग तिनं बाळ उचलून जयवंताच्या ओटीत ठेवलं. "घे. दूध मागून राहिली," एवढंच म्हणाली, आणि उठून गेली.

परमिट मिळणार नाही, हे सांगायला कागद यायची गरज नव्हती. हिरवी रात्रीच ठोकळ्यांवर परत गेली होती. दुसऱ्या दिवशी परतताना गणपतराव फार खुशीत होते. पुढच्या सीटवर नातीशी बोबडं बोलत होते. मोहाचं झाड जवळ आलं. पलीकडे धानाची कापणी चालू होती, आणि ओणव्या बायांत गोपिकाचं हिरवं लुगडं जयवंताला दिसलं. आज बाजाराचा दिवस होता. स्वस्त भाड्याची दुसरी लॉरी असती तर गोपिका नागपूरला भाजी घेऊन निघाली असती.

"मामाजी, जरा थांबवा ना. गोपिका हाय."

"काहून? मागून दुसरी येऊन राहिली काय?" गणपतराव मनापासून हसले. मग त्यांना काही आठवलं. "अरे हो, उमरेड रस्त्यावरच्या लॉरीवाल्याले नातू झाला म्हणे. आपली नात मोठी होऊ द्या, मग सोयरिकीचं पाहू!"

जयवंतानं बाळावर पदर ओढला, जणू ऊन लागत होतं.

"थांबवा, मामाजी," ती पुन्हा म्हणाली. सुनेचा आवाज कधी असा निघाला नव्हता. गणपतरावांनी चमकून पाहिलं, मग ड्रायव्हरला म्हणाले, "थांबव गा. वाजव पोंगा. आज सूनबाईचा मान."

तांबडी मोहाखाली थांबली. पोंगा वाजला, लांब, रेड्यासारखा. गोपिकानं कंबर सरळ केली. डोळ्यांवर हात धरून लॉरीकडे पाहिलं. जयवंतानं बाळाचा इवलासा हात धरून खिडकीबाहेर हलवला. "मावशी, ये वं," ती बाळाच्या वतीनं म्हणाली, पण ते तिथवर पोचण्यासारखं नव्हतं.

गोपिका क्षणभर तशीच उभी राहिली. मग विळा उचलून पुन्हा वाकली.

"येत नाही वाटते," ड्रायव्हर म्हणाला.

"थोडं थांब," जयवंता म्हणाली. मागचे लोक कुरकुरू लागले, तरी ती धुऱ्याकडेच पाहत राहिली.