आत लिहिलंय

मला छापायचा हुकूम ज्यांनी दिला, त्या साहेबांसाठी माझं पहिलं वाक्य. साहेब, मला कोणी वाचू नये म्हणूनच तुम्ही मला छापलंत. चुकून नाही, घाईत नाही. ठरवून.

आता राग जरा गिळतो आणि मित्रांनो, तुमच्याशी बोलतो. मी एक जुना, चुरगळलेला कागद आहे. वहीचा नाही आणि वर्तमानपत्राचाही नाही. औषधाच्या खोक्यात गोळ्यांच्या पट्टीला बिलगून एक पातळ कागद असतो, बघितलाय का कधी? खोकं उघडलं की पहिल्यांदा बोटाला लागतो तो, आणि पहिल्यांदा फेकला जातो तोही तोच. तो मी.

रक्तात कोलेस्टेरॉल नावाची चरबी असते. ती फार वाढली की हृदयाच्या नळ्यांना आतून थर धरते, मोरीच्या पाइपला धरतो तसा. नळी अरुंद होत जाते आणि एखाद्या दिवशी तुंबते. हा थर वाढू नये म्हणून स्टॅटिन जातीच्या गोळ्या देतात. त्या गोळ्यांबरोबर मी जन्माला आलो. गंमत अशी की चरबी वाढली तरी माणसाला दुखत नाही, खुपत नाही. त्याला वाटतं, मला कुठे काय झालंय? म्हणून तर गोळी रोज का घ्यायची, किती दिवस घ्यायची, त्रास झाला तर काय करायचं, हे सगळं माझ्या अंगावर लिहिलंय. अठराशे शब्द आहेत. मला तोंडपाठ आहेत. दुसरं कोणी वाचतच नाही, तर निदान आपले आपण तरी पाठ करावेत.

मी छापखान्यात जन्मलो. तिथे मुद्रितं तपासणारी एक बाई होती. तिने मला टेबलावर पसरलं, डोळे बारीक केले, मग नाक कागदाला टेकेल इतकी वाकली. शेवटी तिने फोन लावला आणि स्पीकर चालू करून तो टेबलावर ठेवून दिला, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं.

"साहेब, टाइप फार बारीक झालाय. माझं आयुष्य गेलं अक्षरं वाचण्यात, आणि मलाच दिसेना."

"खोकं वाढणार नाही आणि कागदही वाढणार नाही. मजकूर बसवा."

"बसवते हो. पण वाचणार कोण?"

"बाई, कागद आत असला पाहिजे, असा नियम आहे. तो आत असेल. विषय संपला. आणि हो, औषधाचं नाव आणि कारखान्याचा पत्ता ठळक घ्या."

बाईने फोन ठेवला आणि मशीनवाल्याला म्हणाली, "छापा. मुंग्यांना वाचायला होईल."

तिसऱ्या रकान्याच्या तळाशी एक ओळ आहे. 'कारण नसताना स्नायू दुखू लागले, किंवा त्यांत अशक्तपणा जाणवला, तर ताबडतोब डॉक्टरांना सांगा. स्वतःच्या मनाने औषध बंद करू नका.' ही माझ्या अंगावरची सगळ्यात कामाची ओळ. तिच्यातलं 'ताबडतोब' खसखशीच्या दाण्याएवढं आहे. कारखान्याचा पत्ता मात्र लांबून दिसतो, जणू गोळी घेऊन झाली की माणूस तिकडे राहायलाच जाणार आहे!

मी ज्यांच्या हाती पडलो ते एक टेलरमास्तर. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. पायमशीन, कापायचं टेबल, आणि दाराशी एका लाकडी खुर्चीत त्यांची थोरली बहीण, अक्का. अक्का काज-बटणं करायच्या. काजाचे टाके नीट दिसावेत म्हणून त्यांच्या गळ्यात दोरीला बांधलेलं एक भिंग असायचं. मास्तरांना सगळे मास्तर म्हणायचे. अक्का मात्र 'अरे ए' म्हणायच्या.

या दोघांचा एक मधला भाऊ होता. बावन्नाव्या वर्षी, चहाचा कप हातात असताना, बसल्या जागी गेला. मास्तर आता एकोणपन्नास वर्षांचे. भाऊ गेल्यावर अक्कांनी मास्तरांना अक्षरशः दंडाला धरून दवाखान्यात नेलं आणि रक्त तपासून घेतलं. चरबी भावासारखीच वाढलेली. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली.

त्या दिवशी घरी आल्यावर अक्कांनी डॉक्टरांची नक्कल केली होती. "मी विचारलं, ह्याने काही त्रास होतो का हो? तर मान वर न करता म्हणतात, 'आत कागद असतो, त्यात लिहिलंय.' बरं, औषधाच्या दुकानात विचारलं. तो म्हणतो, 'आत लिहिलंय.' सगळं आतच लिहितात मेले! बाहेर कोणी बोलायचं नाही असं ठरलंय का?"

"अक्का, पुरे आता. घेतो ना मी गोळी," मास्तर म्हणाले.

"शपथ घे."

"घेतली."

"कोणाची?"

"तुझी."

"माझी नको, मी म्हातारी झाले. मशीनची घे."

मास्तर हसले आणि मशीनवर हात ठेवला. ही गोष्ट लक्षात ठेवा, मित्रांनो.

दुसऱ्या दिवशी अक्का बाजारात गेल्या असताना मास्तरांनी खोकं उघडलं. पट्टी मशीनच्या खणात ठेवली आणि मला उलगडलं. एकदा जवळ धरलं, एकदा लांब धरलं. चष्मा लावायचा नाही, हा त्यांचा अभिमान. सुईत दोरा बोटांच्या अंदाजाने ओवणारा माणूस तो. शेजारच्या दुकानातला इस्त्रीवाला तिथेच उभा होता. त्याला मास्तर म्हणाले, "हे बघ, एवढं बारीक अक्षर आपण वाचावं म्हणून नसतं छापलेलं. आपण वाचलं नाही हे त्यांना नंतर म्हणता यावं, म्हणून असतं."

मी मनात म्हटलं, मास्तर, तुम्हाला शाळेत पहिल्या बाकावर बसवायला हवं होतं. पण पुढच्याच क्षणी त्यांनी माझी पुन्हा घडी घातली, वाकले आणि मला मशीनच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवलं. मशीन एकदम घट्ट उभं राहिलं. "झालं! कामाचा कागद आहे," ते म्हणाले.

माझं एवढं एकच कौतुक आजवर झालं आहे.

संध्याकाळी अक्कांनी विचारलं, "त्यातला कागद कुठाय रे?"

"टाकला."

पुढचं सगळं मी जमिनीवरून पाहिलं. मला माणसं दिसत नसत, पाय दिसत. अक्कांच्या टाचांच्या भेगा, गिऱ्हाइकांच्या चपला, आणि माझ्यापासून हातभर अंतरावर मास्तरांचे दोन पाय, पॅडलवर वर-खाली होणारे. तीन आठवडे ते ताल धरून चालले. मग उजवा पाय अडखळायला लागला. मास्तर पॅडल थांबवायचे, हात खाली यायचा आणि पोटरी दाबायचा. थोड्या दिवसांनी दोन्ही पोटऱ्या. मी तिथेच होतो, मित्रांनो! ती ओळ माझ्या घडीच्या आत होती, त्या दुखणाऱ्या पोटरीपासून हातभर. ओरडलो असतो, पण कागदाला आवाज कुठला? मशीनचं ओझं डोक्यावर आणि उत्तर पोटात.

मास्तरांनी हे अक्कांना सांगितलं नाही. सांगितलं इस्त्रीवाल्याला.

"पाय भरून येतात रे. जिना चढवत नाही."

"गोळी चालू केलीत ना ती चरबीची? तिनेच. माझ्या सासऱ्यांचे असेच पाय गेले होते. बंद केल्या गोळ्या, आता बघा, बस पकडायला पळतात."

"डॉक्टरांना विचारू का?"

"विचारा की. काय सांगतील? आत लिहिलंय!"

दोघंही हसले. मी हसलो नाही. एक गोष्ट सांगतो, इस्त्रीवाल्यावर माझा राग नाही. गोळीने पाय दुखत असतील, एवढं तरी त्याने ओळखलं. निम्मं उत्तर त्याच्याकडे होतं. उरलेलं निम्मं माझ्या पोटात दाबून ठेवलेलं होतं.

त्या दिवसापासून मास्तर गोळी घेईनासे झाले. पण अक्का रोज दुकान बंद करताना पट्टी तपासायच्या. म्हणून मास्तर पट्टीतून गोळी काढायचे, पाण्याचा घोट घ्यायचे आणि गोळी माझ्याशेजारीच जमिनीवर ठेवलेल्या बटणांच्या डब्यात टाकायचे. पांढऱ्या शर्टांची पांढरी बटणं. त्यात पांढरी गोळी कोणाला ओळखू येणार?

"घेतलीस?"

"घेतली."

पोटऱ्या हळूहळू सुधारल्या. पॅडलचा ताल परत आला. मास्तर शीळ वाजवायला लागले. मला मात्र प्रत्येक शिळेला धडकी भरायची. त्यांना जे दुखत होतं ते थांबलं होतं. जे दुखत नव्हतं ते आत चालू होतं.

एकदा अक्कांच्या हाताला डब्यातली एक गोळी लागली. त्यांनी ती बोटांत फिरवली. "अरे ए, हे कसलं बटण? ह्याला भोकंच नाहीत."

मशीन थांबलं. मास्तर म्हणाले, "कारखान्यात चुकलं असेल. टाक."

"कसल्या आंधळ्या माणसांच्या हाती कारखाने दिलेत," अक्का म्हणाल्या आणि ते 'बटण' केरात टाकलं. भिंग गळ्यातच होतं. फक्त डोळ्याशी न्यायचं राहिलं.

चार महिने गेले. शाळा उघडायला आठवडा होता आणि गणवेशांचा ढीग खिडकीपर्यंत आला होता. सकाळी अकराच्या सुमारास पॅडल मधेच थांबलं. हात पोटरीकडे आला नाही. वरून मास्तरांचा आवाज आला, "अक्का, छातीवर कोणीतरी बसलंय गं." मग ते मशीनवर पुढे कोसळले. अक्का ओरडल्या. इस्त्रीवाला इस्त्री तशीच टाकून धावला. मास्तरांना उचलायला वाट हवी म्हणून त्याने मशीन कडेला ढकललं आणि मी मोकळा झालो.

"कुठलं औषध चालू आहे ते विचारतील! नाव काय गोळीचं?" तो ओरडला.

अक्कांनी खण ओढला, पट्टी सापडेना. तेवढ्यात जमिनीवर मी दिसलो. नाव तेवढं ठळक होतं ना! त्यांनी मला उचललं आणि पोलक्यात खोचलं.

मास्तर वाचले. तुंबलेली नळी उघडून तिच्यात जाळी बसवली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर खाटेपाशी आले, तेच ते मान वर न करणारे. रक्ताचा कागद बघून म्हणाले, "गोळी नियमित चालू होती?"

"एक दिवस चुकला नाही," अक्का म्हणाल्या. "मी रोज बघत होते."

मास्तर छताकडे बघत राहिले. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "अक्का, ती भोकं नसलेली बटणं..."

अक्कांनी तोंडावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "मशीनची शपथ घेतली होतीस रे."

"पाय चालेनात गं. पायच गेले तर मशीन काय कामाचं?"

"मग तेव्हाच सांगायचं ना," डॉक्टर म्हणाले. "त्या कागदात लिहिलेलं असतं सगळं."

मित्रांनो, अक्का उठल्या. मला पोलक्यातून काढलं, चार घड्या मोडल्या आणि डॉक्टरांसमोर धरलं. "वाचा."

"अहो, आजी—"

"वाचा ना. तुम्ही शिकलेले. माझ्या भावाने वाचायला हवं होतं ते काय आहे, ते मोठ्याने वाचा."

डॉक्टरांनी मला जवळ धरलं. लांब धरलं. चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. अगदी मास्तरांनी धरलं होतं तसंच. खिडकीपाशी गेले. शेवटी अक्कांनी गळ्यातलं भिंग काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांना ती ओळ सापडायला पुष्कळ वेळ लागला. त्यांनी ती मनातच वाचली. मग खाटेवर, मास्तरांच्या पायांशी बसले.

"हे मी तोंडाने सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "पाय दुखले की यायचं. रक्त तपासून कारण शोधतो आपण. गोळी कमी करता येते, दुसरी देता येते. पण आपल्या मनाने सोडायची नाही. चालू असती तर हे झालंच नसतं, असं मी छातीठोकपणे नाही म्हणणार. धोका मात्र कमी झाला असता."

एवढंच. सांगायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

आज मास्तर घरी आहेत. गोळी बदलली आहे, ती अक्कांच्या समोर गिळायची आणि नंतर तोंड उघडून दाखवायचं. पॅडल मारायला अजून परवानगी नाही. ते खिडकीशी बसून मशीनकडे बघतात. आणि समोरच्या भिंतीवर अक्कांनी कापायच्या नमुन्याचा खाकी कागद चिकटवला आहे. त्यावर खडूने, वीतभर उंच अक्षरांत लिहिलंय: 'पाय दुखले तर सांग. गोळी सोडू नकोस.' रस्त्यावरून जाणाऱ्यालाही वाचता येतं. इस्त्रीवाला रोज मोठ्याने वाचतो आणि सासऱ्यांना दवाखान्यात नेणार आहे म्हणतो. मी त्याच कागदाच्या कोपऱ्यात टाचणीने टोचलेला आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी रोज गोळी घेत असेल, तर खोक्यातला माझा भाऊबंद फेकू नका. तुमचे डोळे तरुण आहेत. आजोबांना, आईला, काकांना तो मोठ्याने वाचून दाखवा. त्यांना काय दुखतंय ते विचारा आणि ते डॉक्टरांच्या कानावर घाला.

पण साहेब, मुलांनी आपलं काम केलं म्हणून तुम्ही सुटला नाहीत. खडू संपत आलेला असताना, काज-बटणं करणाऱ्या एका बाईने मिनिटभरात जे लिहिलं, ते तुम्हाला एवढा मोठा छापखाना हाताशी असून का लिहिता आलं नाही? तुमचा पत्ता माझ्या अंगावर ठळक आहे, अक्कांनी तो उतरवून घेतलाय आणि हाच प्रश्न पत्रात घालून पाठवला आहे. पत्र पोचून दीड महिना झाला. उत्तर द्या. आणि देताना मोठ्या अक्षरात द्या. मास्तर चष्मा लावत नाहीत.